रातबगळे रात्री घरी नसतात

“तूच तर म्हणालीस,” असं म्हणून बाबांनी कप बशीत ठेवला आणि विषय संपल्यासारखे ते मोजे शोधायला लागले.

पिपाणी टेबलापाशी उभीच राहिली. दप्तर एका खांद्यावर, वेणी अर्धवट, तोंड उघडं. पिपाणी हे तिचं घरातलं नाव. पाळण्यात असल्यापासून आवाजच तसा होता, त्याला कोण काय करणार?

“मी? झाड कापा असं मी म्हणाले?”

“अख्ख्या शाळेसमोर म्हणालीस. ‘अंधार पडला की रातबगळे घरी नसतात.’ मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. म्हणून तर करवतवाल्याला मुद्दाम संध्याकाळचं बोलावलंय. दिवसा कापलं असतं तर पाखरांच्या अंगावर फांद्या पडल्या असत्या. आता ते जातील चरायला, आपण उरकून टाकू. कुणाला साधं खरचटणारही नाही.”

“चरायला? बाबा, त्या शेळ्या आहेत का?”

“बरं, जेवायला जातील. हॉटेलात जातील. कुठे का जाईनात!” एक मोजा सापडला होता, तो त्यांनी विजयाने पायात चढवला. “आणि आवाज खाली कर. आत्याला सकाळी सकाळी डोकेदुखी नको.”

पिपाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखाद्याने आपलं ऐकलंच नाही, तर राग येतो, पण तो समजण्यासारखा असतो. इथे ऐकलं होतं. नीट, लक्ष देऊन, टाळ्या वाजवून ऐकलं होतं, आणि त्यातलं सोयीचं तेवढं उचलून त्याचीच करवत केली होती!

आता झाडाने काय घोडं मारलं होतं ते सांगायला हवं. पिपाणीच्या घरची लॉन्ड्री होती. खाली मशीनं, वर घर, त्याच्या वर गच्ची, आणि मागच्या दाराबाहेर कालव्यापर्यंत पसरलेलं अंगण. त्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, एका टोकाला भिंतीतले हुक आणि दुसऱ्या टोकाला कालव्याकाठचं जुनं वाळुंजाचं झाड. बाबा धुवायचे, आत्या इस्त्री करायची, आई गाडीवरून गठ्ठे पोचवायची. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे चौकातलं हॉटेल. त्या हॉटेलच्या मॅनेजरला चादरी उन्हातच वाळलेल्या हव्या असत. मशीनमध्ये वाळवलेल्या चादरींना म्हणे घुसमटल्यासारखा वास येतो. त्यामुळे रोज सकाळी वाळुंजाखाली पांढऱ्याशुभ्र चादरींच्या रांगा लागायच्या, आणि रोज दुपारपर्यंत त्यातल्या निम्म्या पांढऱ्याशुभ्र राहायच्या नाहीत.

कारण वर रातबगळे राहायचे.

इतर बगळे कसे दिवसभर पाण्यात एका पायावर उभे राहून शहाणपणाचा आव आणतात, तसले हे नव्हेत. यांचा दिवस म्हणजे आपली रात्र. डोक्यावर आणि पाठीवर काळं, पंख राखाडी, पोट पांढरं, मान खांद्यात खुपसलेली, डोळे लालभडक. दिवसभर ते फांदीवर असे बसलेले असायचे, की वाटावं, कुणीतरी उधारी मागायला आलंय आणि हे घरात नसल्याचं सोंग करतायत. मग ऊन उतरलं की एकेकाला जाग यायची. मान बाहेर निघायची, ती चांगली लांब असल्याचा तेव्हाच पत्ता लागायचा. ‘क्वाक!’ करून एक जण निघायचा, मागोमाग दुसरा, आणि ते कालव्याच्या कडेकडेने पुढच्या बंधाऱ्यापर्यंत पांगायचे. तिथे पाण्याच्या काठाला दगडासारखे उभे. मासा जवळ आला की चोच खाली. मासा संपला.

हे सगळं पिपाणीने बघून बघून शिकलेलं होतं. तिच्या खोलीची खिडकीच वाळुंजाकडे उघडायची. आणि गेल्या महिन्यात, जी मुलगी आजवर फळ्यासमोर उभी राहिली की घशात पाणी अडकल्यासारखी बोलायची, तिने विज्ञान मेळाव्यात माइक हातात घेऊन रातबगळ्यांवर भाषण ठोकलं होतं. पहिल्याच वाक्याला लोक हसले, आणि ते तिला नव्हे, तिच्या विनोदाला हसले! तेव्हापासून पिपाणीला आपला आवाज भयंकर आवडायला लागला होता. ती आता दुकानात सुटे पैसे मागतानासुद्धा माइक धरल्यासारखी बोलायची.

फक्त त्या भाषणातला एक तुकडा बाईंनी काढायला लावला होता. पिल्लांचा. “ते ओकारीबिकारीचं नको गं,” बाई म्हणाल्या होत्या, “पाहुणे जेवून आलेले असतील.” मग भाषण ‘रातबगळे रात्री घरी नसतात’ यावरच संपलं. छान संपलं. टाळ्यांच्या कडकडाटात संपलं.

“पण आत्ता घरट्यांत पिल्लं आहेत!” पिपाणी बाबांच्या मागे मागे जिना उतरली. “मोठे जातात, पिल्लं जात नाहीत. त्यांना उडताच येत नाही. आईबाप मासा गिळून आणतात आणि घरी येऊन...”

“मला तर कधी दिसली नाहीत.”

“तुम्ही वर बघता तरी का? तुम्ही फक्त चादरी बघता!”

“चादरींवर आपलं पोट आहे.”

इस्त्रीच्या टेबलामागून आत्याने वाफेचा फुत्कार सोडला. आत्या बोलण्याआधी नेहमी इस्त्रीलाच बोलू द्यायची. “घरटी दिसतायत ती मागच्या वर्षीची. काटक्यांचा नुसता पसारा. त्यात पिल्लं असती तर कलकलाट नसता का ऐकू आला?”

“येतो की! तो ‘टकटक टकटक’ असा आवाज येतो तो कसला वाटला तुला?”

“मला वाटलं, आपलं दोन नंबरचं मशीन.”

“आत्या!”

“अगं, ते मशीन तसंच करतं.”

आई गाडीवर गठ्ठे बांधत होती. पिपाणीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की दगडालाही पाझर फुटावा. आईने दोरीची गाठ दाताने ओढली आणि म्हणाली, “हॉटेलने काल बारा चादरी परत केल्या, राणी. मॅनेजर मला सगळ्या लोकांसमोर बोलला. मी काय सांगू त्याला, बगळ्यांची भाषणं?”

हे मात्र पिपाणीला लागलं. पण लागलं म्हणून पटलं असं थोडंच असतं!

शाळेत तिचं लक्ष नव्हतं. मधल्या सुट्टीत तिने मैत्रिणीच्या फोनवरून नगरपालिकेच्या झाडांच्या खात्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याने विचारलं, झाड कुणाच्या जागेत? आमच्या. कापणार कोण? माझे बाबा. तक्रार कुणाची? माझी.

“म्हणजे तुमची तुमच्याच वडिलांविरुद्ध तक्रार.”

“हो!”

“अर्ज आणून द्या. साहेब पाहणीला येतील.”

“पण झाड आज संध्याकाळी कापतायत!”

“ताई, संध्याकाळी ऑफिस बंद असतं.”

“रातबगळ्यांचं तेव्हाच उघडतं!” पिपाणी फोनमध्ये ओरडली, पण तोवर तो ठेवला गेला होता. मैत्रीण म्हणाली, माझ्या फोनवर असं ओरडू नकोस, त्याची काच आधीच तडकलीय.

घरी आल्याआल्या ती दप्तरासकट मागच्या अंगणात गेली. झाडाखाली चादरींमध्ये वाकून वाकून शोधलं आणि दोन गोष्टी मिळवल्या. एक अंड्याचं कवच, फिकट निळसर, अर्धं. आणि उशीच्या एका अभ्र्यावर पडलेला, अर्धवट पचलेला, बघवणार नाही असा मासा. दोन्ही तिने इस्त्रीच्या टेबलावर आत्यासमोर मांडल्या.

आत्या किंचाळली. “धुतलेल्या कपड्यांच्या टेबलावर?”

“हा पुरावा आहे!”

“ही घाण आहे!”

“आत्या, नीट बघ ना. हा मासा कुणीतरी गिळून परत बाहेर काढलाय. पिल्लांना भरवायची हीच पद्धत असते त्यांची. आणि पिल्लं घाबरली की तीही...”

“मासे खाणारे मासे पाडणारच. आणि कवच काय, वाऱ्याने येतं कुठूनही.” आत्याने चिमट्याने मासा उचलला, अभ्रा पुन्हा बादलीत टाकला, आणि टेबल असं पुसलं, की त्याच्यावर पिपाणीचं बोलणंसुद्धा शिल्लक राहू नये. “मला पण काही हौस नाही गं. पण तुझे बाबा रात्री झोपत नाहीत हल्ली. ते हॉटेल गेलं तर काय करायचं, याचं एखादं भाषण आहे का तुझ्याकडे?”

“आहे! दोऱ्या गच्चीवर न्या. पिल्लं उडेपर्यंत.”

“दोन जिने! ओल्या चादरींची एक टोपली उचलून बघितलीयस कधी?”

पिपाणीने नाक मुरडलं. तिने उचलून बघितली नव्हती.

ऊन उतरायला लागलं तसा करवतवाला आला. उंच, हडकुळा, खांद्यावर शिडी, कमरेला दोर, हातात करवत, आणि कपड्यांवर लाकडाचा भुसा. माणूस स्वभावाने गरीब वाटला. त्याने आल्याआल्या पाणी मागितलं आणि झाडाकडे बघून “मोठं आहे हो,” म्हणाला, जणू कुणाच्या तरी मुलाला बघून बोलावं तसं. बाबांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. घाई करायची नाही. आधी पाखरांना जाऊ द्यायचं. मग वरून खाली, एकेक फांदी. “उगीच कुणाचा जीव जायला नको,” बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका सज्जनपणा होता, की पिपाणीला त्या क्षणी कुठलीतरी बादली पालथी करावीशी वाटली.

सगळे मागच्या दाराशी उभे राहिले. आत्या हात पुसत आली. आईसुद्धा गाडी लावून आली. आभाळ जांभळट झालं. वाळुंजात हालचाल झाली. एक काळं डोकं वर आलं, मान लांबली. ‘क्वाक!’

“हं, एक गेला,” बाबा म्हणाले.

‘क्वाक! क्वाक!’

“ते बघा, कसे शिस्तीत चाललेत. ऑफिस सुटल्यासारखे!” बाबा खूश होऊन करवतवाल्याला दाखवत होते. “माझ्या मुलीने अभ्यास केलाय यांच्यावर. तीच म्हणाली, अंधार पडला की हे घरी नसतात.”

पिपाणीचे कान तापले. आपली स्तुती ऐकून इतका संताप येऊ शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

शेवटचा पक्षी बंधाऱ्याकडे वळला. करवतवाल्याने शिडी बुंध्याला टेकवली, हलवून बघितली, मागे वळून करवत उचलली. आणि पुन्हा वळला तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पिपाणी बसलेली.

“ऊठ,” बाबा म्हणाले.

“नाही.”

“पिपाणी, लोकांसमोर तमाशा नको.”

“लोकांसमोर तर तुम्ही माझं नाव घेताय! ‘माझ्या मुलीने अभ्यास केलाय.’ केलाय ना? मग पूर्ण ऐका! अर्धं तोडून घेऊन जायला ते काय तुमचं कापड आहे? मी म्हणाले, मोठे रात्री घरी नसतात. तुम्ही पण दिवसा वर घरात नसायचात, खाली मशीनांपाशी असायचात, मी पाळण्यात असताना. तेव्हा कुणी येऊन म्हणालं का, घर रिकामं आहे, पाडा?”

आत्याने तोंडाला पदरासारखा टॉवेल लावला. ती हसली की दचकली ते कळलं नाही.

“शब्द बघा हिचे,” बाबा म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता. “अगं, पिल्लं असती तर पाडलं असतं का मी? मला एवढा दुष्ट समजतेस?”

“दुष्ट नाही. दुष्ट असतात त्यांना निदान माहीत तरी असतं! तुम्हाला बघायचंच नाहीये. बघितलं तर थांबावं लागेल ना!”

करवतवाला खाकरला. “ताई, मला पुढे अजून एका ठिकाणी जायचंय हो. अंधार पडला की मला पण बॅटरीशिवाय दिसत नाही.”

“मग काका, तुम्हीच सांगा. करवत खाली ठेवा. नुसते वर जा आणि त्या मोठ्या घरट्यात डोकावून बघा. रिकामं असेल तर मी स्वतः शिडी धरते. एक शब्द बोलणार नाही.”

“एक शब्द?” आत्या म्हणाली. “लिहून घ्या.”

करवतवाल्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “बघू दे ना. बघण्याने काय होतंय?”

पिपाणी उतरली. करवतवाल्याने कपाळाला बॅटरी बांधली आणि तो चढला, पहिल्या फांदीपर्यंत, मग दुसऱ्या. पानांत त्याचे फक्त बूट दिसत राहिले. ते ‘टकटक टकटक’ सुरू झालं. या वेळी दोन नंबरचं मशीन बंद होतं.

“काय आहे?” बाबांनी खालून विचारलं.

“काटक्या आहेत,” वरून आवाज आला. “आणि इथे काहीतरी... अरे! अरे, हे कोण?”

त्यानंतर जो आवाज आला तो पिपाणीने पुढे मैत्रिणींना किमान वीसदा करून दाखवला, पण तो तसा जमला नाही कधी. आधी ‘घळ्ळ्’, मग ‘चप्प’, आणि मग करवतवाल्याची अशी आरोळी, की बंधाऱ्यावरचे बगळे उडाले असतील. पाठोपाठ आणखी एक ‘घळ्ळ्’. आणि आणखी एक! तो शिडीवरून उतरला नाही, घसरला. बॅटरीच्या उजेडात त्याचं तोंड दिसलं. केसांत मासा होता. कानावर मासा होता. कॉलरमधून जे आत चाललं होतं तेही एके काळी मासाच असावं.

“ओकले!” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता धक्का होता. “माझ्या अंगावर ओकले हो सगळे!”

“घाबरले की असंच करतात,” पिपाणी म्हणाली. “सगळं पोटातलं अंगावर टाकतात, म्हणजे येणारा पळून जावा. हेच सांगत होते मी सकाळपासून! कुणी वाक्य पूर्ण करू देईल तर ना!”

“किती आहेत?” आईने विचारलं.

“एकात चार. शेजारच्यात पण आहेत. डोक्यावर असे उभे केस आणि चोच ही एवढी उघडी.” करवतवाल्याने बाहीने डोळे पुसले. मग तो बाबांकडे वळला. “साहेब, पंखच नाहीत अजून त्यांना. काड्यांसारखे आहेत नुसते. मी नाही कापत. माझी पण घरी दोन आहेत.”

बाबा झाडाकडे बघत होते. सकाळपासून प्रथमच ते चादरींकडे नाही, वर बघत होते. तेवढ्यात ‘क्वाक’ असा जोराचा आवाज झाला आणि एक मोठा रातबगळा बंधाऱ्याकडून परत आला, गळा भरलेला, थेट घरट्यात शिरला. टकटकीचा कहर झाला.

“एवढ्यात परत आला?” बाबा हळूच म्हणाले.

“रात्रभर फेऱ्या असतात,” पिपाणी म्हणाली. “हल्ली दिवसासुद्धा.”

“आणि चादरी?”

प्रश्न खरा होता, आणि त्याला उत्तर द्यायची वेळ आता पिपाणीची होती. तिला ते माहीत होतं. “गच्चीवर. पिल्लं उडेपर्यंत. मी नेते वर, शाळेआधी.”

“रोज?”

“रोज!”

“बघू,” म्हणाली आत्या, आणि करवतवाल्याला हाताला धरून ओढलं. “आधी तुम्ही तो शर्ट काढा. मासळी बाजार केलाय नुसता. एक नंबरच्या मशीनला टाकते, अर्ध्या तासात इस्त्रीसकट देते. आणि पुढचं काम उद्या करा, असल्या वासाने तुम्हाला कुणी फाटकात घ्यायचं नाही.”

बाबांनी भिंतीतल्या हुकांवरून दोऱ्या सोडायला घेतल्या. पिपाणी वाट बघत राहिली. चुकलो, एवढं तरी म्हणतील. निदान ‘तुझं बरोबर होतं’ एवढं तरी. त्यांनी दोऱ्यांची गुंडाळी केली, ती तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “गच्चीवरचे हुक गंजलेत. तेल घेऊन ये.”

म्हणजे बघा!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या चादरींची पहिली टोपली पिपाणीने उचलली आणि तिला आत्याबद्दल प्रथमच थोडा आदर वाटला. टोपली नव्हती, हत्तीचं पिल्लू होतं. पहिल्या जिन्यावर दंड भरून आले. दुसऱ्या जिन्यावर तिने टोपली गुडघ्यावर टेकवून श्वास घेतला, आणि तेव्हाच तिला खालून बाबांचा आवाज ऐकू आला. ते फोनवर हॉटेलच्या मॅनेजरशी बोलत होते.

“नाही हो, झाड कसं कापणार? पिल्लं आहेत वर. मी म्हटलं, काय वाटेल ते होवो, मुक्या जिवांना हात लावू द्यायचा नाही. गच्चीवर वाळवतोय आता. हो, खास तुमच्यासाठी. काय? अहो, माणुसकी म्हणून काही असते की नाही!”

मी म्हटलं! पिपाणीने जिन्यातल्या जिन्यात भिंतीवर डोकं टेकवलं. सकाळी सात वाजता, एका हातात ओल्या चादरी, दुसऱ्या हातात चिमट्यांचा डबा, पाठीतून कळ आणि खाली बाबा माणुसकीवर भाषण देतायत! तेही पूर्ण. मध्ये कुणी तोडत नव्हतं. बाई नव्हत्या, आत्या नव्हती, मध्येच फोन ठेवणारा नगरपालिकेचा माणूस नव्हता.

“बाबा!” ती ओरडली. आवाज जिन्यात घुमून खाली मशीनांपर्यंत गेला. “दुसरी टोपली तुम्ही घेऊन या!”

खाली फोन ठेवल्याचा आवाज, पावलांचा आवाज, आणि थोड्या वेळाने धापा टाकत बाबा दुसऱ्या जिन्याच्या वळणावर दिसले. टोपली पोटाशी धरलेली, कपाळ घामाने चमकतंय. तिच्या शेजारी आले, कठड्याला टेकले, आणि बोटाने गप्प राहायची खूण करत म्हणाले,

“अगं, हळू ओरड. दिवसाची त्यांची झोपायची वेळ असते.”

पिपाणीने आपल्या टोपलीतल्या चार जड चादरी उचलल्या, त्यांच्या टोपलीत टाकल्या, आणि ती हलकी टोपली घेऊन पुढे निघाली.